पाय जमिनीवर

माझी मावशी कामाला होती तो शिवणकामाचा कारखाना बंद पडला आणि तिचा विमाही गेला. छातीतला पेसमेकर दोन वर्षं कुणी तपासलाच नव्हता. चालताना तिला पाय जमिनीला टेकतच नाहीत असं वाटायचं. शेवटी नणंदेने तिला धर्मादाय दवाखान्यात नेलं.

तंत्रज्ञ बाईंनी पेसमेकर तपासायच्या यंत्राची चकती छातीवर ठेवली. "ठोके जरा वाढवते हं."

मावशीला वाटलं, आपण मलमलीच्या उलगडत्या ठाणावरून अलगद तरंगत चाललोय.

"बॅटरी संपत आलीय. मंगळवारी नवा पेसमेकर बसवू."

"पण माझा विमा नाही हो," मावशी पुटपुटली.

"म्हणून तर इथे आणलंय, वहिनी," नणंद म्हणाली.

नवा पेसमेकर बसला. आठवड्याने मावशी दोन मजले न थांबता चढली. नणंदच धापा टाकत मागे राहिली.