किलो, अर्धा, पाव आणि बाळ

देव मूल देतो तेव्हा वजन करून देत नाही, असं त्या घरातली आई म्हणायची. पण तिचा नवरा तराजू दुरुस्त करणारा, सासरा तराजू बनवणारा. त्या घरात तिचं ऐकणार कोण?

खाली दुकान, वर घर. दुकानात साखळ्या टांगलेल्या, पारडी एकात एक रचलेली, आणि मधोमध धान्याची पोती तोलायचा मोठा काटा. पहिली मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा बापाच्या हातात किलोचं वजन होतं. आनंदाच्या भरात ते पायावर पडलं, आणि कळवळून त्याने जो शब्द उच्चारला तेच मुलीचं नाव झालं. मुलगी किलो म्हटल्यावर पाठचा मुलगा अर्धा झाला आणि त्याच्या पाठची मुलगी पाव. शाळेच्या दाखल्यावर चांगली नावं होती म्हणतात, पण शिक्षकसुद्धा “अर्ध्या, उभा राहा” असंच म्हणत.

इथवर ठीक होतं. पण नाव तसा वाटा, असा आजोबांचा दंडक होता. कलिंगड कापलं की किलोला चार फोडी, अर्ध्याला दोन, पावला एक. अंथरूण तसं, खिडकीतली जागा तशी. बोलणीसुद्धा तशीच. काच फुटली की किलोला पुरती बोलणी बसत, अर्ध्याला निम्मी, आणि पावकडे नुसतं रागाने बघत. फोडणारी बहुधा पावच असे, पण न्याय म्हणजे न्याय.

आणि आता चौथं झालं. मुलगा.

“पावाच्या निम्मं म्हणजे नवटाक,” आजोबांनी पाळण्यात डोकावून निकाल दिला. “ओळीने आलंय. विचार कसला करायचा?”

“नवटाक?” आईने पाळणा स्वतःकडे ओढला. “उद्या दारात उभी राहून ‘नवटाक, घरी ये’ अशी हाक मारू? लोकांना वाटेल, याच्या बापाला गुत्त्यातून बोलावतेय.”

“मग छटाक ठेवू,” बाप म्हणाला.

“आणखी खाली चाललात. लेकराच्या वाट्याला काय यायचं मग, कलिंगडाची बी?”

“पासंग ठेवा,” अर्ध्याने सुचवलं. वाकडा काटा सरळ दिसावा म्हणून पारड्याखाली लपवून बांधतात तो पासंग. बापाने त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्ध्याचा पाव झाला.

“माझ्या दुकानात पासंग नाही,” बाप म्हणाला. “घरातही नाही.”

या सगळ्यात पाव एका कोपऱ्यात गप्प बसली होती. तिला नवटाकच हवा होता. ती जन्मली तेव्हापासून सगळ्यांत कमी. किलोला दोघंही ‘किलोताई’ म्हणत. अर्ध्याला ती ‘दादा’ म्हणे. तिला मात्र कुणी काहीच म्हणत नसे, नुसतं ‘ए पाव’. आपल्याहून कमी कुणीतरी आलं की आपण ताई होणार, हा तिचा हिशेब होता, आणि त्यात तिला काही चूक दिसत नव्हती.

तीन महिने बाळ बिननावाचं राहिलं. आई त्याला ‘देवा’ म्हणे, आजोबा ‘नवटाक’, आणि तो दोघांनाही सारखाच हसे.

मग वजनमापांचे निरीक्षक आले. दरसाल दुकानातली वजनं तपासून त्यांवर ठसा मारायचा, हे त्यांचं काम. गंभीर माणूस. चहाचा कप उचलला तरी क्षणभर तळहातावर तोलून बघायचे. घरात इतक्या अधिकाराचा माणूस दुसरा नव्हता, म्हणून आजोबांनी प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं.

साहेबांनी हसण्यावारी नेलं नाही. “किलो, अर्धा, पाव हा एक संच झाला,” ते म्हणाले. “नवटाक जुन्या शेराच्या मापातलं. किलोच्या संचात नवटाक सापडलं तर मला ते जप्त करावं लागतं.”

आईने बाळ पदराखाली घेतलं.

“तसं नाही हो, वहिनी. आधी तपासणी. हाती असलेले नग काट्यावर चढवा.”

मोठ्या काट्याच्या एका पारड्यात किलोताई मांडी घालून बसली. दुसऱ्यात अर्धा आणि पाव. हा खेळ मुलं नेहमीच खेळत आणि निकाल ठरलेला असे: अर्धा आणि पाव मिळून पाऊण, किलोताईचं पारडं खाली. ती वरच्या दोघांकडे बघून जांभई देई. आजही पारडं खालीच गेलं, पण नेहमीपेक्षा जरा कमी. किलोताईच्या ते लक्षात आलं. तिची जांभई अर्ध्यावरच राहिली.

“आता बाळ,” साहेब म्हणाले.

आईने देवाचं नाव घेतलं आणि बाळाला पावच्या मांडीवर ठेवलं. साखळ्या कुरकुरल्या, दांडी हलली, किलोताई वर आली. समतोलावर थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही. ती वरच गेली, आणि दुसरं पारडं जमिनीला टेकलं.

“पावाहून जास्त भरतोय,” बाप चकित झाला. “हा अर्धा आहे की काय?”

“अर्धा मी आहे,” अर्धा पारड्यातूनच म्हणाला. “मी आधी आलोय. माझ्या दोन फोडी आहेत.”

“आईवर गेलाय,” आजोबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी दाढी खाजवली.

साहेब मात्र काट्याकडे बघत नव्हते. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे हात बघण्यात घालवली होती. “बाळ बरोबर आहे,” ते सावकाश म्हणाले. “पारड्यात दुसरं काहीतरी जास्त आहे. आणि जास्तीचं असलं की ते खिशात असतं.”

पावने मान खाली घातली. बाळ तिच्या वेणीचं टोक तोंडात घालायच्या प्रयत्नात होतं. तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि आजोबांच्या जुन्या पेटीतलं पितळेचं वजन बाहेर काढलं. नवटाक.

“काट्यावर चढायच्या आधीच ठेवलं होतं,” ती म्हणाली. “मग काटा सरळ व्हायला थोडीच जागा उरली असती. तेवढ्यात तो बसला असता तर नवटाक ठरला असता.”

“पण का गं?” बापाने विचारलं.

“माझ्याएवढाच निघाला तर मला ताई कोण म्हणणार?”

तिने वजन वाकून जमिनीवर ठेवलं. पारडं अलगद उचललं गेलं, किलोताई खाली आली, आणि दांडी अशी आडवी थांबली की तिच्यावर माशी बसली असती तरी कळलं असतं.

“पाव,” साहेब म्हणाले. “नग दोन. चालतं. एका पेटीत सारखी दोन वजनं असतातच, नाहीतर व्यवहार अडतो.” आणि सवयीने त्यांचा हात ठसा मारायच्या हातोडीकडे गेला. आईने नुसतं बघितलं. हातोडी पिशवीत परत गेली.

“आणि ताईचं काय?” पावने विचारलं.

किलोताई पारड्यातून उतरली. “आधी आलेला पाव मोठा,” ती म्हणाली. “पावताई, बाळाला दे इकडे. तुझी वेणी गिळतोय तो.”

त्या दिवसापासून त्या घरात दोन पाव झाले. संध्याकाळी कलिंगड कापलं. किलोला चार, अर्ध्याला दोन, पावला एक, आणि बाळाला एक. बाळाला दात नव्हते. आजोबा विचारात पडले, पण दंडक म्हणजे दंडक. पावाचा वाटा पावालाच जायचा, म्हणून बाळाची फोडही पावताईला मिळाली. तिच्या दोन झाल्या. अर्ध्याने तक्रार केली. ऐकून कुणी घेतली नाही.

तेव्हापासून पावताईचं बाळाकडे फार लक्ष. रोज हात धुऊन ती त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवी आणि सुटकेचा निःश्वास टाकी. आईला वाटे, किती माया.

एक दिवस बोटाला काहीतरी टोचलं. खालची हिरडी, अगदी मधोमध. पावताईने पुन्हा बोट फिरवलं. घरात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळ तिचं बोट चावून खूश झालं.

संध्याकाळी तिच्यापुढे दोन फोडी आल्या. तिने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, मग एक फोड त्याच्या मुठीत दिली. “याला दात आलाय,” ती म्हणाली.

बाळाने फोड चोखली, तोंड वाकडं केलं आणि पावताईच्याच ताटात थुंकली.

आजोबांनी चष्मा वर केला. “वाटा पोचला,” ते म्हणाले. “त्याने परत केला. आता तो कुणाचा?”

“पावाचा,” आई म्हणाली, आणि आणखी एक फोड, न तोलता, पावताईच्या ताटात टाकली.