टाचा घराकडे

मार्चमध्ये उधाणाची ओहोटी लागली की आर्डव्हेन हॉटेलातले पाहुणे रबरी बूट चढवून वाळूवर उतरत. हिवाळा सरल्यावरची ती पहिली मौज. शिंपले आपल्या हातांनी काढायचे आणि संध्याकाळी लोण्यात परतून आपणच हादडायचे. शिकवायला असे एफी मॅक्रे. ती हॉटेलची स्वयंपाकीण, त्याच किनाऱ्यावर वाढलेली.

"हा स्पूट," वीतभर लांब, अरुंद शिंपला वर धरून ती म्हणाली. "आपली चाहूल लागली की हा खाली बुडतो आणि वर खळगी पडते. सरळ चाललात तर ती तुमच्या पाठीमागे राहते, दिसतच नाही. म्हणून उलटं चालायचं. समुद्राकडे तोंड, घराकडे पाठ."

"उलटं चालायची मला सवय आहे," पेलम नावाचे जाडजूड पाहुणे म्हणाले. "बायको रागावली की मी असाच खोलीबाहेर पडतो."

"मग आज तुमची बादली आधी भरणार!" एफी म्हणाली, आणि सगळे हसले.

आपल्या नातीला, जिंटीला, तिने तो नियम पुन्हा म्हणायला लावला.

"समुद्राकडे तोंड, घराकडे पाठ," जिंटी कंटाळून म्हणाली. "आजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

एफीने बादली तिच्या हाती दिली. एफीचा धाकटा भाऊ रुअरी लहानपणी अशाच एका ओहोटीला समुद्राकडे पाठ करून उलटा चालत खळग्या शोधत गेला होता. धुकं आलं आणि तो परतला नाही. त्याच्या डाव्या बुटाच्या तळाला फुलीसारखं ठिगळ होतं. ते ठसे टाचेकडून पाण्यात शिरलेले तिने पाहिले होते. हॉटेलात बूट काढायच्या खोलीचं दार सगळे आत आले की लागायचं. ओहोटीच्या या दिवशी मात्र एफी ते रात्रभर उघडं ठेवी.

दुपारी भरती लागली आणि पाण्यावरून धुकं आलं. पुढचा माणूस दिसेना. हॉटेलातून परत बोलावणारी पितळी थाळी वाजू लागली, पण आवाज चहूकडून आल्यासारखा वाटे. एकमेकांचे कोट धरून सगळे गोळा झाले. जिंटी नव्हती.

"हे बघा ठसे!" पेलम ओरडले. "पोरगी पाण्याकडे गेली!" आणि ते धावत सुटले.

"थांबा!" एफी वाकली. बुटांची टोकं पाण्याकडे होती खरी, पण प्रत्येक टाचेमागे वाळू ओढल्याचा ओरखडा होता. उलटं चालताना टाच अशी घासते. "ती घराकडे गेलीय. टाचांच्या दिशेनं चला."

चार पावलांवर ती थबकली. जिंटीच्या ठशांशेजारी आणखी एक लहान जोडी होती. तीही उलटीच चाललेली. डाव्या ठशात फुली होती.

एफी पळत सुटली. धुक्यातून हॉटेलच्या दगडी पायऱ्या पुढे आल्या. सर्वांत खालच्या पायरीवर जिंटी बादली मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, केवढा गार हात होता त्याचा!"

"कुणाचा?" एफीने तिला घट्ट धरलं.

"त्या मुलाचा. मला म्हणाला, वळू नकोस, समुद्राकडे बघत माझ्याबरोबर मागे मागे चल. मी इथे दमून बसले."

"आणि तो?"

"तो आत गेला. दार उघडंच होतं ना."

पायऱ्यांशी आलेले ठसे परत फिरले नव्हते.

संध्याकाळी पाहुण्यांनी शिंपल्यांवर ताव मारला. पेलमसाहेबांनी तर दोनदा वाढून घेतलं. मग हॉटेलचे मालक हॉल्डेन कंदील घेऊन बुटांच्या खोलीत आले.

"एफीबाई, हे कुणाचे? आज दुसरं मूल नव्हतं आपल्याकडे."

फळीच्या टोकाला लहान बुटांची ओली जोडी होती. तिथून दगडी फरशीवर अनवाणी पायांचे ओले ठसे स्वयंपाकघराच्या चुलीपर्यंत गेले होते. घराच्या आतही टाचाच पुढे होत्या.

"घरचेच आहेत," एफी म्हणाली. "वाळू देत."

"बरं. दार उघडंच ठेवायचं असेल, नेहमीसारखं?"

बाहेर भरती पायऱ्यांवर आपटत होती. आत चुलीजवळ कुणीतरी स्टूल सरकवलं. एफी उठली. दाराची कडी तिने स्वतःच घातली.

"नको," ती म्हणाली. "सगळे आले."