तोंड बुजवलेली भट्टी

माझे तोंड विटांनी बुजवले तर अर्गिरिसला काय काय मिळणार होते, ते आधी सांगते. विजेच्या नव्या भट्टीची निम्मी किंमत सरकारकडून. पहाटेची जास्तीची झोप. लाकडे फोडणे बंद, राख उपसणे बंद, कमरेला मलम चोळणे बंद. उरलेल्या निम्म्या किमतीचे हप्ते रविवारी भाजायला येणाऱ्या ट्रेंमधून आपोआप फिटणार. हिशेब इतका देखणा होता की त्याच्या बायकोलाही, मेर्सिनीलाही, त्यात खोट सापडेना. आणि मेर्सिनीला तर चर्चमधल्या मेणबत्तीच्या भावातही खोट सापडते.

मित्रांनो, मी एक जुनी, लाकडावर चालणारी भट्टी आहे. ग्रीसच्या लेस्वोस बेटावर, बंदरावरून वर येणाऱ्या चढाला, अर्गिरिसच्या पावाच्या दुकानात त्याच्या आजोबांनी मला बांधले. आठवडाभर मी पाव भाजायची, पण माझा मान रविवारचा. प्रार्थनेला जाता जाता वस्तीतल्या बायका आपापले ट्रे माझ्यापाशी ठेवून जात. कोकराचे मटण, भरलेले टोमॅटो, सॉसेज. घरातले जुने ओव्हन धड तापत नसत आणि बिल मात्र तापलेले येई. प्रार्थना सुटली की गरम ट्रे फडक्यात धरून बायका घरी. ट्रेमागे एक युरो अर्गिरिसचा.

शेवटी यायचा एव्हांथियामावशीचा ट्रे. खलाशी नवरा गेल्यापासून त्यात बटाटे, कांदा आणि ऑलिव्हचे तेल, एवढेच. अर्गिरिस लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे फिरवायचा आणि फिरवता फिरवता भरल्या ट्रेंमधला एकेक तुकडा मावशीच्या ट्रेमध्ये सरकवायचा. कुणाच्या घरी कमी पडले नाही, कुणी विचारले नाही. मी पाहायची आणि धूर सोडायची.

मग मंदी आली, आणि मंदी हटवायला सरकारचे पॅकेज आले. छोट्या धंद्यांना अनुदान मिळणार होते, पण आधी जुन्या भट्टीचे तोंड बुजवल्याचा फोटो द्यायचा. अर्गिरिसने गवंडी बोलावला. फोटोत मी काही चांगली आले नाही.

नव्या भट्टीच्या पहिल्या रविवारी तो स्वच्छ ॲप्रन बांधून दारात उभा राहिला. बायका आल्या आणि रिकाम्या हातांनी पुढे चालल्या.

"काय गं स्मारो, ट्रे विसरलीस?"

"घरीच लावलाय! कूपनवर नवा ओव्हन आलाय ना. झालं की घंटी वाजवतो. तू वाजवलीस का कधी आमच्यासाठी घंटी?"

त्याच पॅकेजमध्ये घरांसाठीही कूपन होते. जुना विजेचा ओव्हन द्या, नवा स्वस्तात घ्या. शेजारणीची दृष्ट लागेल म्हणून वस्तीतल्या प्रत्येकीने ते गुपचूप घेतले होते. ओव्हन विकणाऱ्या दुकानदाराने कूपनाइतकीच किंमत वर चढवून ठेवली होती, तेही प्रत्येकीने गुपचूप गिळले.

अर्गिरिस आत आला. "मेर्सिनी, तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? आपला नाही का परवा आला? वर घरात ठेवलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत सगळ्यांनी घेतलाय! फुकटातलं कुणी चव्हाट्यावर सांगतं का?"

तेवढ्यात चढावरून धापा टाकत एक ट्रे आला. एव्हांथियामावशीचा. तिला कूपन नव्हते, कारण द्यायला जुना ओव्हन नव्हता. तिची जुनी भट्टी मीच.

तो ट्रे अर्गिरिसने पावांसोबत आत सारला. पण तुकडा सरकवायला दुसरा ट्रे होता कुठे? तो जिना चढून गेला आणि स्वतःच्या जेवणातले मटण घेऊन आला. पुढचे काही रविवार असेच गेले. मेर्सिनी पातेल्यात डोकावून सुस्कारा टाकायची. हप्ता भरायला अर्गिरिस आता दुपारी शाळेपुढे तीळ लावलेल्या पावाची गोल कडी विकत उभा राहायचा. झोप वाचली होती, ती तिथे उभ्या उभ्या गेली.

एका रविवारी मावशी ट्रे घ्यायला आली आणि झाकण उचलून बघत राहिली.

"अर्गिरिस, सगळे तुकडे एकाच कोकराचे आहेत रे."

"असतील. तुला काय त्याचं?"

"पूर्वी चार घरचे असायचे."

अर्गिरिसचा चेहरा पडला. "म्हणजे तुला कळायचं?"

"बाळा, जन्मभर रांधलंय मी. बटाट्याच्या ट्रेमध्ये सॉसेज उगवत नाही. चार घरांचं होतं, कुणाला जड नव्हतं, म्हणून खाल्लं. तुझ्या एकट्याच्या ताटातलं नाही खायची मी."

"अगं मावशी, एका तुकड्यानं काय होतंय?"

"त्या शाळेपुढे तुला उन्हात उभं बघते मी. काय होतंय ते दिसतंय मला."

तिने मटण अर्गिरिसच्या बशीत काढून ठेवले आणि ट्रे उचलला. त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, माझ्यापुढे आता पिठाची पोती रचली आहेत. मला कंटाळा आला आहे, राग नाही. नवे जरूर घ्या. पण जुन्याचे तोंड बुजवण्याआधी त्याच्यासमोर कोण कोण उभे राहत होते, तेवढे एकदा बघून घ्या. ते कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

निम्मी किंमत सरकारने भरली. उरलेली अर्गिरिस अजून भरतो आहे. विजेचे बिल स्मारो भरते, मेर्सिनी भरते, सगळ्याच भरतात आणि एकमेकींना सांगत नाहीत. एव्हांथियामावशी रविवारी घरीच बटाटे उकडते.