पाच नंबरवर कुणी ऐकतच नव्हतं

मित्रांनो, कचऱ्याच्या डब्यात जाऊन परत आलेलं मी एक जुनं सिरियल कार्ड आहे. त्यात माझी काहीएक चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही या गोष्टीतल्या नचिकेतसारखेच डोळे फिरवाल.

तळहाताएवढी हिरवी पट्टी, तेवढाच माझा देह. संगणकाच्या आत एका खाचेत मला बसवतात आणि माझ्या मागच्या तोंडाला केबल लावून एखादं यंत्र जोडतात. माझ्या वाट्याला आला ब्रेल प्रिंटर. भंवरकुआं चौकाजवळ एक छोटंसं वाचनालय आहे, तिथला. तो शाईने छापत नाही. जाड कागदावर ठिपके उठवतो, आणि ज्यांना दिसत नाही ती मुलं ते बोटांनी वाचतात.

मला तिथे आणलं वाचनालयाची यंत्रं सांभाळणाऱ्या शरद सरांनी. माझ्या अंगावर पिनांची एक रांग आहे आणि त्यावर बसणारी जंपर नावाची इवलीशी टोपी. ती ज्या आकड्यावर बसवाल, तो माझा इंटरप्ट नंबर. 'अक्षरं पोचवली, पुढची द्या' हा इशारा मी त्याच नंबरच्या तारेवर देतो. तीन आणि चार त्या संगणकात आधीच कुणीतरी घेतलेले होते, म्हणून सरांनी टोपी पाचवर बसवली, संगणकाला तसं सांगितलं, आणि वीस वर्षं कुणाला माझी आठवणही करावी लागली नाही. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा पठ्ठ्या कधी दगा देत नाही."

मग सर निवृत्त होऊन महूला गेले. जुना संगणक एका सकाळी उठलाच नाही. एका कारखान्याने आपला वापरलेला संगणक देऊन टाकला, त्यात नशिबाने माझ्या जातीची एक खाच होती. वाचनालय सांभाळणाऱ्या पद्मजाताईंनी आपल्या भाच्याला, नचिकेतला बोलावलं. तो सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करतो. त्याने नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, घातली, मला खाचेत दाबलं आणि छपाई सुरू केली.

प्रिंटरने सोळा अक्षरं ठोकली आणि थांबला. बराच वेळ गप्प. पुन्हा सोळा. पुन्हा गप्प.

एरवी पानाला एक मिनिट लागायचं. आता वीस लागत होती. आणि छापायची होती दोनशे पानं! राऊहून येणाऱ्या पलकचं बारावीचं संस्कृतचं पुस्तक होतं ते. परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

"ऑडिओ आहे ना मोबाइलवर," नचिकेत म्हणाला. "ऐकून घे ना, मस्त आहे."

पलक शांत मुलगी, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "भैया, ऐकून गोष्ट समजते. विसर्ग कुठे आहे, ऱ्हस्व आहे का दीर्घ, हे कसं समजणार? पेपरमध्ये लेखनिकाला एकेक अक्षर मलाच सांगायचंय. तुम्ही शिकलात का संस्कृत ऐकून-ऐकून?"

नचिकेत उठून बाजारात गेला. मग यूएसबीचा एक स्वस्त कन्व्हर्टर आणून त्याने मला बाजूला ठेवलं. त्या कन्व्हर्टरने मधली मधली अक्षरं गिळली. पलकने पहिल्याच ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तर कुठल्याच भाषेत नाहीये." मला परत बसवलं. पुन्हा सोळा अक्षरं, पुन्हा गप्प. नचिकेतने केबल बदलली, प्रिंटर उघडून पुसला, कार्यप्रणाली दुसऱ्यांदा घातली. सहा दिवस उरले.

"मावशी, हे कार्डच कबाड आहे. फेका!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. कार्यप्रणालीचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. कुठल्या उपकरणाला कोणता इंटरप्ट नंबर, हा हिशेब त्याच्याकडे. आजकालची उपकरणं त्याने विचारलं की आपली ओळख सांगतात, मग तो त्यांना मोकळा नंबर देतो आणि त्यावर कान ठेवतो. मी घडलो त्या काळी ही विचारपूस नव्हतीच. माझा नंबर टोपीवर, आणि टोपी कर्नलला दिसत नाही. तेव्हा त्याने रिवाजाप्रमाणे धरून चाललं, की हे तिसरं सिरियल पोर्ट आहे, म्हणजे नंबर चार. तो चारवर कान लावून बसला आणि मी पाचवर इशारे देतोय. अधूनमधून त्याला आपलं आठवायचं, बघू या तरी, म्हणून डोकवायचा आणि सोळा अक्षरं टाकून जायचा. वर पाच नंबर त्या यंत्राने आवाजाच्या चिपला देऊन टाकलेला. एवढीशी गोष्ट! आणि कबाड कोण, तर मी, सरळ डब्यात!

पद्मजाताईंनी मला डब्यातून उचललं, रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महूची बस पकडली.

शरद सर आता अठ्ठ्याहत्तरचे. भिंग घेऊन त्यांनी मला खिडकीपाशी धरलं. "टोपी पाचवर आहे. मीच लावली होती. कर्नलला सांगितलं का?"

"कोणत्या कर्नलला, सर?" पद्मजाताई गोंधळल्या. "इथे लष्कराच्या छावणीत ओळख आहे तुमची?"

सर इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी कागद घेतला आणि सावकाश लिहून दिलं. यंत्र सुरू होताना सेटिंगमध्ये जाऊन पाच नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवायचा, आणि मग एका ओळीच्या आज्ञेने कर्नलला सांगायचं, की तिसऱ्या पोर्टचा नंबर पाच. "बस, इतकंच. पद्मजा, हे मी जाताना लिहून ठेवायला हवं होतं. माझंच चुकलं."

"मला पण विचारायचं सुचलं नाही ना, सर," पद्मजाताई म्हणाल्या.

संध्याकाळी नचिकेतने दोन्ही गोष्टी केल्या. प्रिंटर खडखडत सुटला, तो पान संपेपर्यंत थांबला नाही. "अरे, एवढंच होतं?" तो म्हणाला. हो भिया, एवढंच होतं! चार दिवस घालवलेस तू माझे!

पण माझी फजिती संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी, एक्केचाळिसाव्या पानावर, लाइट गेली. आली तेव्हा यंत्र नव्याने सुरू झालं आणि कर्नल ती ओळ साफ विसरला. सोळा अक्षरं, गप्प. नचिकेतचा फोन बंद. पलक कागदावर हात ठेवून बसली होती. "ताई, परत तसंच झालं का?"

पद्मजाताईंनी आजवर संगणकात फाइल उघडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. "नचिकेतच करेल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी ते त्या बोलल्या नाहीत. चष्मा पुसला आणि ती ओळ एकेक अक्षर टाइप केली. एकदा चुकली. परत केली. शेवटी आकडा दाबला, पाच.

मी इशारा दिला आणि या वेळी कुणीतरी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत दोनशे पानं झाली. पलक जिल्हाभर गाजली वगैरे काही नाही. संस्कृतात तिला एक्क्याऐंशी गुण मिळाले, आणि उरलेले एकोणीस कुठे गेले म्हणून ती अजून कुरकुरते. यंत्र सुरू होतानाच ती ओळ आपोआप चालावी अशी सोय नचिकेतने नंतर करून दिली, आणि एका रविवारी महूला जाऊन सरांसमोर वही उघडून बसला. प्रिंटरचं, माझं, कपाटातल्या आणखी दोन यंत्रांचं, सगळं विचारून विचारून लिहून आणलं.

म्हणून मित्रांनो, वैतागून का होईना, एक मागणं मागतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना आपलं नाव-गाव सांगता येत नाही. एखादी अडून बसली तर तिला कबाड म्हणण्याआधी, जो तिला वर्षानुवर्षं वापरत होता त्याच्याकडे जा आणि विचारा. आणि कृपा करून तो आहे तोवर विचारा.