चार पासवर्ड आणि एकच कपाट

कॉम्प्युटरवर चौघांची चार खाती मीच उघडली, चार पासवर्ड मीच घालून दिले आणि फोटो मात्र सगळ्यांचे एकाच ठिकाणी ठेवले, तेही मीच. त्यामुळे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

त्याआधी आमच्याकडे फोटोंचा नुसता बाजार होता. एकच फोटो चौघांकडे चारदा, आणि हवा तो कुणाकडेच नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, त्याच्या खात्यात जळक्या वायरी आणि गंजलेली चाकं. लेकीच्या खात्यात तिचं स्वतःचं नाक, सगळ्या बाजूंनी. सासूबाईंच्या खात्यात फक्त अंगठा, कारण फोन धरताना त्यांचा अंगठा हटकून पुढे येतो. एका सुट्टीत मी दिवसभर बसले, सगळं गोळा केलं आणि सर्वांना उघडता येईल अशा जागी एकच लायब्ररी केली. सासूबाईंना समजावून सांगितलं, "हे बघा आई, खोल्या चार, कपाट एक. कुणीही कुठल्याही खोलीतून दार उघडलं तरी कपाट तेच."

"म्हणजे माझ्या पासवर्डने उघडलं की माझं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. कप्पाळ माझं.

फोन वायरने जोडून फोटो आत कसे घ्यायचे, ते मी त्यांना मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. त्यांची नजर अधू झालीय, फोनवर काही दिसत नाही, मोठ्या पडद्यावर चेहरे ओळखू येतात. सात पायऱ्या होत्या. सातवी होती, 'काम झालं की बाहेर पडा.' ती त्या नेहमी विसरायच्या.

त्या शनिवारीही विसरल्या होत्या. मी रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर बसले, कारण बुटकीसाठी फोटोंचं पुस्तक करायला घेतलं होतं. बुटकी म्हणजे आमची लेक. चार वर्षांची असताना ठेवलेलं नाव, आता दारातून येताना तीच मान वाकवते. आठ दिवसांनी ती कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती, हॉस्टेलवर. पंधरा वर्षांचे फोटो निवडून छापायचे आणि गुपचूप तिच्या बॅगेत सरकवायचे, असा माझा बेत होता. मी तिची सावत्र आई. हा शब्द आमच्या घरात कधी कुणी वापरला नाही, मीही विसरून गेले होते. पहिली बायको बुटकी दोन वर्षांची असताना घर सोडून गेली, पुन्हा फिरकली नाही, असं मला लग्नाआधी सांगितलं गेलं. सासूबाई तर बजावायच्या, "त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही."

लायब्ररी उघडेना. दुसरं कुणीतरी वापरतंय, असं पडद्यावर आलं. सासूबाई उघडी टाकून उठल्या असणार. मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, माझ्या पासवर्डने आत गेले, आणि सगळ्यात वर आदल्या दुपारी आलेले त्रेसष्ट फोटो दिसले.

पहिल्या फोटोत सासूबाई हसत होत्या. तोंड उघडून, अगदी खदखदून. मी खूशच झाले. कारण मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते, आणि सासूबाईंच्या तोंडातली कवळी माझ्या हातची आहे. त्यांचे दात गेल्यावर फोटो म्हटला की त्या ओठ शिवल्यासारखे मिटून घ्यायच्या. मी त्यांच्यासाठी तीनदा कवळी केली. पहिली टोचायची, दुसरीत त्या पोलीस दिसायच्या, तिसरीला मी मेणात एकेक दात बसवताना त्यांचा तरुणपणचा फोटो समोर ठेवला होता. ते दात त्या मला सोडून कुणाला दाखवत नाहीत, असं मी लॅबमध्ये सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

फोटोत त्यांच्या खांद्यावर एका बाईचा हात होता. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. पण तीही हसत होती, आणि तिचा वरचा, पुढून दुसरा दात किंचित वळलेला होता. तो दात मी रोज बघते. बुटकीचा आहे तो. लहानपणापासून ती "मला तार बसव" म्हणून माझ्या मागे लागायची. गेल्या वर्षी डॉक्टरांशी बोलून मी सगळं ठरवलं, तर अचानक म्हणाली, "राहू दे गं आई, मला आवडतो तो." मला वाटलं, पोरगी मोठी झाली, शहाणी झाली.

मी पुढे पुढे बघत गेले. हॉटेलातलं टेबल, बुटकी त्या बाईच्या गालाला गाल लावून. समोर माझा नवरा, पेल्यातलं पाणी पीत, अगदी घरच्यासारखा. तारीख पाहिली. त्या दिवशी हे तिघं सासूबाईंचे डोळे तपासायला गेले होते. मला रजा मिळाली नाही म्हणून मी हळहळले होते आणि सकाळी उठून थर्मासमध्ये चहा भरून दिला होता. तो थर्मासही फोटोत होता.

दीड वर्षांचे फोटो होते. तळ्याकाठचे, बसस्टॉपवरचे, एक त्या बाईच्या स्वयंपाकघरातला. शेवटच्या फोटोत माणूस नव्हतं. एक खोली होती, भिंती त्या स्वयंपाकघरातल्यासारख्याच पिवळ्या, खिडकीशी पलंग, आणि पलंगावर निळ्या चौकड्यांची चादर. त्या चादरीसाठी मी आणि बुटकी पाच दुकानं हिंडलो होतो. हॉस्टेलच्या धुण्यात हरवू नये म्हणून मी तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने बुटकीचं नाव काढलं होतं. फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात लाल दोरा होता. ती चादर, बादली आणि टेबललॅम्प एका खोक्यात भरून नवरा मागच्या आठवड्यात घेऊन गेला होता. "त्या गावात काम आहेच, हॉस्टेलवर आधीच पोचतं करतो," म्हणाला होता.

हॉस्टेल नव्हतंच, बुटकी त्या बाईकडे राहायला जाणार होती. दोन महिने मी कुलपं, साबणाची डबी, कपडे वाळत घालायची दोरी असं काय काय आणत होते, याद्या करत होते, आणि ही तिघं माझ्या याद्यांना मान डोलावत होती. अळीमिळी गुपचिळी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

घरात फक्त सासूबाई होत्या, शेंगा सोलत. मी त्यांना हाताला धरून पडद्यासमोर आणलं. त्यांनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या?

"तू माझ्या खात्यात कशाला शिरलीस?"

"कपाट एकच आहे, आई. सांगितलं होतं तुम्हाला."

"पासवर्ड माझा होता," त्या पुटपुटल्या. "पोरीने पाठवले होते माझ्या फोनवर. मला नीट दिसेनात, म्हणून…" एवढं बोलून त्यांनी कवळी काढली आणि मुठीत धरली. अवघड वेळ आली की त्यांची ही युक्ती ठरलेली. दात नाहीत म्हटल्यावर कोण बोलायला लावणार?

"दात घाला आणि बोला," मी म्हटलं.

त्यांनी घातले. डोळे भरले होते त्यांचे, पण मला दया आली नाही. नवरा एक वेळ खोटं बोलू शकतो, मुलगी तर बोलतेच. पण सासूबाई माझ्या होत्या. घरात भांडण झालं की त्या माझ्या बाजूने, मला ताप आला की डोक्याशी त्या. या बाईवर मी स्वतःच्या आईपेक्षा जास्त विश्वास टाकला होता.

"तुला वाईट वाटलं असतं गं," त्या म्हणाल्या.

"आणि आता काय गुदगुल्या होतायत?"

"ती परत आली, माफी मागितली, रडली. पोरीला बघून मलाही… ती वाईट नाही गं."

"मी कधी म्हटलं वाईट आहे? तुम्हीच म्हणायचात!"

तेवढ्यात नवरा आणि बुटकी आले, बुटकीची नवी चाकांची बॅग घेऊन. बॅग दारातच राहिली. पडद्यावर चादर होती, मोठी केलेली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि तो सरळ माऊसकडेच धावला.

"काढून टाकतो. आत्ताच्या आत्ता सगळे डिलीट करतो."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तिच्या आईचे फोटो आहेत ते. आणि पुसून काय होणार? मी काय पाटी आहे?"

तो खुर्चीवर बसला. मी सांगणारच होतो, योग्य वेळ बघत होतो, असं काहीबाही म्हणाला. दीड वर्षात याला योग्य वेळ मिळाली नाही. बुटकी भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती.

"तू नाही म्हणाली असतीस, आई."

"हो. नाहीच म्हणाले असते," मी म्हटलं. "मग तू भांडली असतीस. दोन दिवस जेवली नसतीस. मी रडले असते, तुला नाही नाही ते बोलले असते, आणि तिसऱ्या दिवशी तुझी बॅग भरायला बसले असते. तुझ्या आईला आवडेल असं काहीतरी त्यात घालूनही दिलं असतं. हे सगळं माझ्या वाट्याचं होतं, बुटके. तुम्ही ते मला करूच दिलं नाहीत. मला चादर निवडायला ठेवलंत."

आता मात्र ती रडली. मला वाटलं होतं, ती रडली की मी विरघळेन. नाही विरघळले.

"त्या बाईने कधी विचारलं नाही, मी का येत नाही ते?" मी म्हटलं.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. ते बघणं मला कळलं. अजून काहीतरी होतं.

शेवटी बुटकीच बोलली. "तिला आम्ही सांगितलंय की तुला सगळं माहीत आहे. तूच परवानगी दिलीस, असं." मग आणखी हळू आवाजात, "तिने तुझे आभार मानायला सांगितले होते. दोन-तीनदा."

म्हणजे माझ्या नावाने एक मोठ्या मनाची बाई दीड वर्ष तिकडे वावरत होती. तिला आभार मिळत होते, आणि मी इथे साबणाच्या डब्या आणत होते.

"फोन लाव तिला," मी म्हटलं.

"आई, नको ना."

"लाव."

तिने नंबर काढला. पडद्यावर नाव आलं, 'कॉलेज ऑफिस'. हा 'कॉलेज ऑफिस' कितीदा तरी जेवताना वाजला होता, आणि मीच म्हटलं होतं, घे गं, महत्त्वाचा असेल. मी फोन तिच्या हातातून घेतला.

"बोल गं राणी," पलीकडून आवाज आला.

"राणी नाही. मी तिच्या घरून बोलतेय. तिची…" पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

पण तिला कळलं. "तुम्ही! अहो, किती दिवस म्हणतेय तुमच्याशी बोलायचं. ही मंडळीच म्हणायची, तुम्ही कामात असता, नंतर बोलाल. खरं सांगू का, तुमच्या जागी मी असते ना, तर एवढं मोठं मन मला दाखवता आलं नसतं."

"मला आजच कळलं," मी म्हटलं. "तासाभरापूर्वी. कॉम्प्युटरवर फोटो बघताना."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला.

"पण मला तर सांगितलं की हॉस्टेलपेक्षा आईकडेच राहू दे, असं तुम्हीच म्हणालात."

"मी काहीच म्हणाले नाही. मला कुणी विचारलंच नाही."

फोन ठेवते की काय, असं वाटलं. बहाणे करेल, रडेल, नवऱ्यासारखं योग्य वेळेचं काहीतरी बोलेल, अशी मी मनाची तयारी केली. तिने यातलं काही केलं नाही.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "ती माझ्याकडे राहिलेली तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तर मी तिला हॉस्टेलवर ठेवेन. मीच सांगेन तिला, तुमचं नाव येऊ देणार नाही."

माझ्या घरातल्या तीन माणसांनी दीड वर्षात जे विचारलं नव्हतं, ते या परक्या बाईने अर्ध्या मिनिटात विचारलं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. तिचा नव्हे, समोर उभ्या असलेल्या माझ्या माणसांचा.

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि फोन बंद करून बुटकीच्या हातात दिला.

सासूबाई, नवरा, बुटकी, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. विचारायचं तिघांनाही होतं, विचारलं बुटकीने.

"काय सांगणार आहेस, आई?"

मला स्वतःलाच ते अजून माहीत नव्हतं. पण तेवढं मी त्यांना सांगितलं नाही.