घडीत गेलेली वही

शाळा दीडला सुटायची आणि अडीचच्या ठोक्याला भिंगरी लाँड्रीत हजर व्हायची. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून पडलेलं. आता ती नववीत होती आणि वर्षभर, आठवड्याचे सहा दिवस, संध्याकाळी सहापर्यंत चादरींच्या घड्या घालत होती. घराला हातभार लागायचा हे खरंच, पण तिला ते काम मनापासून आवडायचंही.

आतल्या खोलीत कायम वाफ कोंडलेली असायची. खिडकीतून ऊन आलं की ती वाफ दुधासारखी पांढरी व्हायची, आणि चादरीचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्या काकू दिसेनाशा होऊन त्यांचा नुसता आवाज उरायचा. "धर. ताण. ये." भिंगरी चार पावलं पुढे जायची, टोकाला टोक जुळवायची, पुन्हा मागे यायची. आधी हॉटेलच्या चादरी, मग हॉस्पिटलच्या. साठ-सत्तर चादरी झाल्या की आपण चालतोय का तरंगतोय, हे तिचं तिलाच कळायचं नाही.

मशीन फिरत असे तेवढ्या वेळात ती घड्यांच्या ढिगावर वही ठेवून अभ्यास करायची. भूगोलाची वही शुक्रवारी तपासायला द्यायची होती. गुरुवारी काकूंनी हाक मारली तशी ती उठली, आणि तासाभराने परत येऊन बघते तर टेबल रिकामं.

"काकू, माझी वही?"

"कुठं ठेवली होतीस?"

"इथंच. चादरींवर."

दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. हॉस्पिटलची गाडी केव्हाच गेली होती.

मालकांनी कपाळाला हात लावला, पण ड्रायव्हरकाका परत आल्याबरोबर त्यांनीच तिला गाडीत बसवून दिलं. "अगं, चादरीच्या पोटात वह्या घालून द्यायला लागलो तर गिऱ्हाईकं काय म्हणतील?"

सिस्टरनी तिला हाडांच्या वॉर्डाकडे पाठवलं. दारापर्यंत पोचली तोच आतून हसण्याचा आवाज आला. खिडकीजवळच्या खाटेवर, प्लास्टरमधला पाय वर टांगलेल्या एक भक्कम बाई मोठ्याने वाचत होत्या. हातात भिंगरीची वही होती.

"'नदी वरच्या टप्प्यात खोल दरी कोरते,'" त्या वाचत होत्या. "'मधल्या टप्प्यात तिचा वेग कमी होतो. मग ती दमते, चार पावलं पुढे येते आणि टोकं जुळवून कपाटात झोपते.'"

सगळा वॉर्ड पुन्हा हसला. भिंगरीचे कान तापले.

"ती... ती माझी वही आहे."

"तुझी? ये, ये, अशी बस!" बाईंनी खुर्ची दाखवली. "उशीखालच्या चादरीच्या घडीत काय टोचतंय म्हणून बघितलं, तर ही. दुपार कशी गेली कळलंच नाही बघ. हे तू मुद्दाम लिहिलंस?"

"नाही. म्हणजे, मी असं लिहिलंय हेच मला माहीत नव्हतं."

बाईंचं हसू हळूच ओसरलं. त्यांनी शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. त्यावर नदी नव्हती की डोंगर नव्हता. उतरत्या, वाकड्या अक्षरात एकच ओळ सहा वेळा लिहिलेली होती: 'आलेच मी.'

"कोण बोलावत होतं गं तुला?"

भिंगरीने आठवून पाहिलं. काकू बोलावत, शाळेतल्या बाई बोलावत, आईही. ओळ कुणासाठी होती ते काही केल्या आठवेना.

"मी बस चालवते," बाई म्हणाल्या. "जादा पाळ्या घ्यायचे. मलाही वाटायचं, झेपतंय की. मग एकदा वळणावर डोळा लागला." त्यांनी प्लास्टरवर टिचकी मारली. "बस रिकामी होती म्हणून बरं." एवढं बोलून त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "पण नदी छान आहे हो तुझी."

घरी आल्यावर तिने आईला काही समजावून सांगितलं नाही, नुसती वही दिली. आईने उभ्या उभ्याच वाचली. पहिल्या पानांवर हसली, शेवटच्या पानावर खाली बसली. "मला का नाही बोललीस?"

"मला ते काम सोडायचं नाहीये, आई."

"सोड म्हणाले का मी?"

दुसऱ्या दिवशी भिंगरीने यापुढे आठवड्याचे तीनच दिवस येईन म्हणून सांगितलं, पण मालक ऐकायला तयार नव्हते. "तीनच दिवस? मग बाकीच्या चादरी काय मी धरू?"

"धरा की," काकू वाफेतून म्हणाल्या. "नाहीतर माझी भाची आहे. तिलाही तीनच दिवस जमतंय." मालक पुटपुटले, दोनदा पंखा बंद-चालू केला आणि कबूल झाले.

वही तिने होती तशीच शाळेत दिली. नवी लिहायला वेळच कुठे होता? शाळेतल्या बाईंनी ती सोमवारी परत केली. खाली लाल शाईत शेरा होता: 'त्रिभुज प्रदेश बरोबर. उरलेली नदी जागेपणी पुन्हा लिहिणे.'

मंगळवार हा तिचा पहिला मोकळा दिवस. ती अभ्यासाला बसणार होती, पण जरा पाठ टेकली, आणि झोप तिला अलगद कुठल्या कुठे घेऊन गेली. जाग आली तेव्हा भिंतीवर केशरी उजेड होता. सकाळ आहे की संध्याकाळ, काही कळेना. शेजारी आई शर्टाला बटण लावत बसली होती.

"किती वाजले?"

"साडेपाच."

"सकाळचे?"

"संध्याकाळचे," आई दोरा तोडत म्हणाली. "कुठे जायचं नाहीये तुला."

भिंगरी तशीच पडून राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोड्या वेळाने ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि उगमापासून नदी लिहायला बसली.