रबरी जठराची विनवणी

मित्रांनो, मी एक जुने रबरी जठर आहे. हसलात ना? हसा. एका मूर्तिकाराने मला साच्यातून काढले, रंगवले आणि तो हात जोडून म्हणाला, "देवानं घडवलं ते खरं, ही आपली नक्कल."

पुढे मी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आले. माझा मोठा तुकडा सोडवला की केळ्यासारखी नळी उरे. ही एक शस्त्रक्रिया. दुसरीत त्या माझ्या वरच्या टोकाची अंड्याएवढी पिशवी वेगळी करून तिला खालचे आतडे जोडून दाखवत. "किती सोपं करून सांगता!" म्हणत लोक मला कुरवाळत.

एकदा एक शिंपीणकाकू नवऱ्याबरोबर आल्या. गुडघे थकलेले, साखर वाढलेली, चार पावलांत धाप.

"माझ्या बहिणीची केलीत तशीच नळी करा. एकाच आईच्या लेकी आम्ही!"

"आई एक, पण पोटं दोन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीत जळजळतं कधी?"

"छे हो!"

नवरा खाकरला. "छे काय? आडवं झालं की जळजळतं, म्हणून रात्री उशांना टेकून बसूनच झोपते ही. माझीसुद्धा उशी पळवली!"

"गप बसा हो!" काकूंचे डोळे भरून आले. "वाटलं, सांगितलं तर नाही म्हणाल. नातवाला कडेवर घ्यायचंय मला."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "नळीनं जळजळ वाढू शकते. आधी दुर्बिणीनं आत बघू. तुम्हाला बहुधा ती दुसरी, आतड्याची जोडणीच बरी. पण मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. चालेल?"

काकूंनी मला हातात घेतले. सुईने खरखरीत झालेले बोट माझ्या कापाच्या रेषेवरून फिरले.

"गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि कपडा आवळला की बोंब माझ्या नावानं. मीही आज तेच करत होते."

तपासणीत जळजळीने झालेली जखम दिसली. जोडणीच झाली. पुढे काकू आल्या, तेव्हा नातू कडेवर होता आणि माझा तुकडा त्याच्या तोंडात!

आता पडद्यावर चित्रे हलतात. मी कपाटावर धूळ खात आहे, तुकडाही नीट बसत नाही. त्याचे दुःख नाही. पण मित्रांनो, माझा तुकडा निदान परत लावता तरी येतो. माणसाचा कापलेला येत नाही. देवाने दिलेले शरीर जपा, आणि वैद्यापुढे बसाल तेव्हा पोट आत ओढू नका.